चार सेकंदांचा वाचक

जाम चौरस्त्यावर नागपूर, वर्धा, चंद्रपूर आणि हैदराबाद अशा चारही बाजूंची वाहतूक एकत्र येते. वर्धा जिल्ह्याच्या समुद्रपूर तालुक्यातल्या या चौरस्त्याकडे राष्ट्रीय महामार्ग ४४ वरून ताशी ८० किलोमीटरनं येणारी गाडी दर सेकंदाला २२ मीटर पुढे सरकते. रस्त्याकडेच्या फलकावरची मोठी अक्षरं शंभर मीटरवरून वाचता येत असतील, तर ती वाचायला जेमतेम साडेचार सेकंद मिळतात. त्यातही चालकाला पुढचा ट्रक, बाजूचा आरसा आणि मध्येच आडवा येणारा दुचाकीवाला सांभाळायचा असतो. एवढ्या वेळात आपल्या धंद्याबद्दल काय सांगावं आणि कसं सांगावं, याला एक शास्त्र आहे. ते अवघड नाही. पण आपल्याकडचे बहुतेक फलक ते बाजूला ठेवूनच लागतात.

मोठ्या कंपनीचा एखादा फलक फसला तर तिच्या हाताशी टीव्ही असतो, वर्तमानपत्र असतं, मोबाइल असतो. आर्वीचं कृषी केंद्र, सेवाग्राम रस्त्यावरची खानावळ किंवा हिंगणघाटचं कापडाचं दुकान वर्षातून एखाद-दुसरा फलक लावतं आणि त्याच्यावरच सगळी भिस्त ठेवतं. म्हणून हे शास्त्र लहान व्यावसायिकालाच जास्त कामाचं आहे.

त्याचं मूळ एका साध्या गोष्टीत आहे. वर्तमानपत्र उघडणारा माणूस वाचायलाच बसलेला असतो. फलकाचा वाचक मात्र दुसऱ्याच कामाला निघालेला असतो. कुणी बाजार समितीत कापूस घेऊन चाललेला असतो, कुणी दवाखान्यात, कुणी सोयरिकीला. आपला फलक वाचायचं त्यानं कबूल केलेलं नसतं. तरीही आपण त्याच्या नजरेसमोर उभे राहतो. तेव्हा त्याचा वेळ कमीत कमी घ्यायचा आणि त्याच्या उपयोगाची एकच गोष्ट सांगायची. अक्षर, रंग, चित्र, जागा या सगळ्यांचे नियम इथूनच निघतात.

मॅटर का वाढतं?

फ्लेक्सच्या दुकानात फलकावरच्या मजकुराला ‘मॅटर’ म्हणतात. पूर्वी बोर्ड पेंटर रंगवायचा. प्रत्येक अक्षराला वेळ लागे, रंग लागे, शिडीवर उभं राहावं लागे. त्यामुळे मॅटर आपोआप आटोक्यात राही. त्या कामाची आपल्याकडे मोठी परंपरा आहे. कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनी मूकपटांच्या काळात स्वतःच्या चित्रपटांची पोस्टरं रंगवली. पंढरपुरात जन्मलेले मकबूल फिदा हुसेन यांनी मुंबईत उमेदीच्या काळात सिनेमाची होर्डिंग रंगवून पोट भरलं. दुरून दिसणारं चित्र कसं उभं करायचं, याचे धडे या मंडळींनी रस्त्यावरच घेतले.

मग डिजिटल छपाईचा फ्लेक्स आला आणि हिशोब बदलला. फ्लेक्सचे पैसे चौरस फुटावर लागतात. त्यावर चार शब्द असोत की चाळीस, बिल तेवढंच. साहजिकच मालकाला वाटतं की पैसे दिलेच आहेत, तर जागा रिकामी का सोडायची? मग वर देवाचं चित्र येतं, त्याखाली ‘आमचे येथे’, मग मालाची यादी, तीन मोबाइल नंबर, प्रोप्रायटरचं नाव, दोन भागीदारांचे फोटो, पूर्ण पत्ता आणि शेवटी ‘एकदा अवश्य भेट द्या’. यातली प्रत्येक गोष्ट खरी आणि महत्त्वाची असते. पण रस्त्यावरून जाणाऱ्याच्या पदरात यातलं काहीच पडत नाही, कारण सगळी अक्षरं सारखीच लहान होऊन बसतात.

एक नमुना करून पाहू. समुद्रपूर तालुक्यातल्या वायगावची हळद प्रसिद्ध आहे. २०१६ साली तिला भौगोलिक मानांकन मिळालं. समजा, तिथल्या शेतकऱ्यांच्या एका गटानं महामार्गाजवळ विक्रीचं दुकान काढलं आणि नागपूरकडून येणाऱ्या प्रवाशांसाठी फलक लावायचं ठरवलं. पहिलं मॅटर बहुधा असं येईल: गटाचं नोंदणीकृत नाव, नोंदणी क्रमांक, ‘भौगोलिक मानांकनप्राप्त, शुद्ध, सेंद्रिय, औषधी गुणधर्मयुक्त’, हळद पावडर, हळकुंड, लोणचं, तिखट अशी यादी, अध्यक्ष-सचिवांची नावं आणि चार फोन नंबर.

आता गाडीतल्या माणसाच्या बाजूनं विचार करा. त्याला तीनच गोष्टी हव्यात. काय मिळतं, ते मी का घ्यावं आणि कुठे वळू? मग मॅटर असं उरतं:

वायगावची हळद
थेट शेतकऱ्यांकडून
पुढे डावीकडे, १ किमी

सात-आठ शब्दांत काम झालं. जाहिरातीच्या धंद्यात रस्त्याकडेच्या फलकाला सात शब्दांची मर्यादा सांगतात, ती अशीच आली आहे. नोंदणी क्रमांक पावतीवर राहील, मानांकनाची माहिती पाकिटावर आणि दुकानातल्या भिंतीवर शोभेल. लोणचं आणि तिखट गिऱ्हाईक दुकानात आल्यावर दिसेलच. फोन नंबर तर महामार्गावर जवळपास निरुपयोगी. ८० च्या वेगात दहा आकडे कुणाच्या लक्षात राहत नाहीत.

‘१ किमी’ही उगाच घातलेलं नाही. त्या वेगात एक किलोमीटर कापायला ४५ सेकंद लागतात. घरच्यांना विचारायला, मन बनवायला आणि गाडी डाव्या बाजूला घ्यायला तेवढा अवधी हवाच. दुकानाच्या अगदी समोर लावलेला फलक वाचेपर्यंत गाडी पुढे निघून गेलेली असते आणि महामार्गावर मागे कुणी वळत नाही. म्हणून मोठा फलक वळणाच्या आधी लावायचा आणि प्रत्यक्ष वळणावर फक्त नाव आणि बाण असलेली छोटी पाटी ठेवायची. दोन्हींचा रंग आणि अक्षर एकच असावं, म्हणजे डोळ्याला खूण पटते.

देवनागरीला उंची लागते

अक्षर किती मोठं हवं, याचा पाट्या करणाऱ्यांचा एक ठोकताळा आहे. एक इंच उंचीचं अक्षर दहा फुटांवरून आरामात वाचता येतं आणि पंचवीस-तीस फुटांवरून जेमतेम. म्हणजे १२ इंची अक्षर १२० फुटांवरून सहज आणि साधारण शंभर मीटरवरून कसंबसं दिसतं.

हा ठोकताळा इंग्रजी मोठ्या लिपीवरून आलेला आहे. मराठीला तो जसाच्या तसा लावला तर फसगत होते. देवनागरी ओळीत शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार आणि अनुस्वार बसतात, खाली उकार आणि जोडाक्षरांचे पाय लोंबतात. ओळीला दोन फूट उंची दिली, तर ‘क’ किंवा ‘प’च्या मूळ अंगाला त्यातली फूट-सव्वा फूटच मिळते. शिवाय ‘समृद्धी’, ‘राष्ट्रीय’, ‘उद्घाटन’ यांसारख्या शब्दांत जोडाक्षरांची गर्दी एवढी असते की लांबून तिथे काळा ठिपकाच दिसतो. म्हणून मराठी फलकावर दोन गोष्टी पाळाव्यात. इंग्रजीच्या तुलनेत ओळीला उंची जास्त द्यावी आणि जिथे पर्याय असेल तिथे सुटसुटीत शब्द घ्यावा. ‘उच्च गुणवत्तापूर्ण’पेक्षा ‘चांगला माल’ जास्त लांबून वाचता येतो आणि पटतोही लवकर.

अक्षराचं वळण जाड पण मोकळं हवं. ‘ब’ आणि ‘व’, ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’ ही अक्षरं लांबून एकमेकांत मिसळतात. पोटातली पोकळी बुजेल इतका जाड फॉन्ट घेतला तर ती आणखीच मिसळतात. ‘एक टाइप’ या मुंबईच्या अक्षरकारांच्या गटानं केलेले ‘मुक्त’ आणि ‘बलू’ हे देवनागरी फॉन्ट मोफत मिळतात आणि फलकाला चांगले चालतात. सावली, कडेला सोनेरी पट्टी, अक्षरातून निघणाऱ्या ज्वाळा हे सगळं संगणकाच्या पडद्यावर भारी वाटतं. रस्त्यावर ते अक्षराची कड धूसर करतं.

छपाईच्या आधीची एक अडचण मराठीत नेहमी येते. जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेलं मॅटर दुसऱ्या संगणकावर उघडलं की जोडाक्षरं सुटतात, रफार पुढच्या अक्षरावर जातो, वेलांटी भलतीकडे सरकते. म्हणून फाइल पाठवण्याआधी अक्षरं ‘कर्व्ह’ करून घ्यावीत, म्हणजे ती चित्रासारखी पक्की होतात. त्यानंतर कागदावर प्रूफ काढून मोठ्यानं वाचावं. वीस फुटी फलकावर चुकलेली वेलांटी वर्षभर गावासमोर उभी राहते.

आणि ही एक परीक्षा तर प्रत्येकानं घ्यावी, कारण तिला खर्च काहीच नाही. २० फूट रुंदीचा फलक २०० फुटांवरून जेवढा दिसतो, तेवढंच साडेतीन इंच रुंदीचं व्हिजिटिंग कार्ड ३५ इंचांवरून, म्हणजे साधारण तीन फुटांवरून दिसतं. तेव्हा डिझाइन व्हिजिटिंग कार्डाच्या आकारात छापा, टेबलापलीकडे बसलेल्या माणसासमोर धरा आणि चार मोजून खाली ठेवा. त्याला काय आठवतं ते विचारा. कार्डावरून जे सांगता आलं नाही, ते फलकावरून कुणाला कळणार नाही.

रंग, ऊन आणि चित्र

रंग निवडताना आवडनिवड दुय्यम ठरते. पार्श्वभूमी आणि अक्षर यांच्या उजळपणात फरक किती, हे महत्त्वाचं. पिवळ्यावर काळं, पांढऱ्यावर गडद निळं, गडद हिरव्यावर पांढरं हे लांबून स्वच्छ दिसतं. लालवर हिरवं किंवा निळ्यावर लाल हे रंग वेगवेगळे असले तरी उजळपणा सारखाच असल्यानं डोळ्याला टोचतात आणि अक्षर हरवतं. डिझाइन एकदा कृष्णधवल करून पाहिलं की खरं काय ते कळतं.

वर्ध्याच्या रस्त्यांवर याला आणखी एक कारण जोडलं जातं. नागपूर वर्ध्याच्या ईशान्येला आहे. सकाळी नागपूरला कामासाठी निघालेला माणूस उगवत्या सूर्याकडे तोंड करून जातो आणि संध्याकाळी परतताना मावळता सूर्य त्याच्या डोळ्यांवर येतो. दोन्ही वेळा त्याला दिसणाऱ्या फलकाची वाचायची बाजू सावलीत असते आणि मागून उजेड येतो. अशा ठिकाणी उजळपणात फरक कमी असलेले रंग पार बुडून जातात.

विदर्भातलं ऊन हाही डिझाइनचाच भाग समजावा. वर्ध्याचा पारा मे महिन्यात ४५ अंशांच्या पुढे जातो. फ्लेक्सवरच्या चार शाईंपैकी पिवळी आणि लालसर गुलाबी आधी उडतात, निळी आणि काळी टिकून राहतात. म्हणूनच जुन्या फलकांवरचे चेहरे निळे-राखाडी झालेले दिसतात. फलक वर्षभर ठेवायचा असेल तर महत्त्वाचं अक्षर काळं किंवा गडद निळं ठेवावं, म्हणजे रंग उडाले तरी निरोप राहतो. हळदीचा किंवा संत्र्याचा फोटो असेल तर वर्षातून एकदा फ्लेक्स बदलायचा खर्च आधीच धरावा. निळसर पडलेला संत्रा पाहून कुणाच्या तोंडाला पाणी सुटत नाही.

चित्राच्या बाबतीत नियम एकच: एका फलकावर एक चित्र. ते किती थोडक्यात काम करू शकतं, याचं उत्तम उदाहरण कोल्हापूरचे जाहिरातकार अनंत खासबारदार यांनी दिलं आहे. २०१४ साली सुरू झालेल्या स्वच्छ भारत अभियानाचं बोधचिन्ह त्यांचं. त्यात गांधीजींचा चेहरा नाही, पंचा नाही, काठी नाही. फक्त गोल चष्मा आहे आणि तेवढ्यानं माणूस ओळखू येतो. सेवाग्राम आणि मगनवाडीच्या या जिल्ह्यानं चरख्याच्या रूपानंही हेच पाहिलं आहे. अक्षरओळख नसलेल्या माणसालाही त्या एका आकृतीत सगळा विचार कळत असे. आपल्या धंद्याचं असं एक चित्र शोधायचं. हळद विकायची असेल तर तोडलेल्या हळकुंडाचा पिवळाधमक काप फलकभर दाखवावा. त्यापुढे पाकीट, कारखाना आणि अध्यक्षांचा फोटो लागत नाही.

शिकवणी वर्गांचे फलक इथे नेमके उलटे वागतात. निकालानंतर चाळीस-पन्नास मुलांचे पासपोर्ट फोटो, प्रत्येकाखाली टक्के. लांबून ती नुसती चौकटींची जाळी दिसते. एक चेहरा मोठा आणि एक वाक्य ठळक, एवढं पुरे होतं. शिवाय नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं शिकवणी वर्गांच्या जाहिरातींसाठी मार्गदर्शक तत्त्वं आणली आहेत. विद्यार्थ्याचं नाव आणि फोटो वापरायचा तर निवड झाल्यानंतर त्याची लेखी संमती घ्यावी लागते.

जागा म्हणजे माणसं

फलकाची जागा ठरवताना लोक आधी भाडं विचारतात. त्याआधी तिथून कोण जातं ते पाहावं. सेवाग्रामच्या रस्त्यावर कस्तुरबा रुग्णालयात येणारे पेशंट आणि त्यांचे नातेवाईक असतात. ते लांबून आलेले, थकलेले, काळजीत असतात. त्यांना राहायची सोय, जेवण आणि औषधं कुठे मिळतील ते सांगणारा साधा फलक त्यांचं खरोखर काम करतो. सावंगी मेघेच्या रुग्णालयाकडे जाणाऱ्यांचंही तसंच. हिंगणघाटच्या बाजार समितीकडे कापसाच्या गाड्या घेऊन येणारा शेतकरी तासन् तास रांगेत उभा राहतो. त्याला वाचायला सवड असते, तिथे तुम्ही भाव, सोय, हमी असं चार ओळींत सांगू शकता. पुलगावात केंद्रीय दारूगोळा भांडारामुळे देशभरातून आलेली कुटुंबं राहतात, तिथे मराठीबरोबर हिंदीची एक ओळ उपयोगी पडते.

म्हणजे मॅटर किती, हे जागा ठरवते. समृद्धी महामार्गावर वेगमर्यादा ताशी १२० किलोमीटर आहे. सेकंदाला ३३ मीटर. शंभर मीटरवरून वाचायचं तर हातात तीन सेकंद. वर्धा शहरात आर्वी नाक्याजवळ किंवा बजाज चौकात ताशी ४० च्या वेगानं नऊ सेकंद मिळतात. एसटी स्टँडच्या फलाटावर मात्र माणूस अर्धा तास बसलेला असतो. क्यूआर कोड, फोन नंबर आणि मालाची यादी यांची जागा तिथे आहे. महामार्गावरचा क्यूआर कोड चालत्या गाडीतून कुणी स्कॅन करत नाही, आणि चालकानं तसा प्रयत्न करावा असं आपल्यालाही वाटता कामा नये.

जागा नक्की करण्याआधी त्या रस्त्यानं गाडीतून आणि दुचाकीवरून, दोन्ही बाजूंनी जाऊन पाहावं. विजेच्या तारा, डीपी, दुसऱ्याचा फलक, बसथांबा यांपैकी मध्ये काय येतं? उन्हाळ्यात उघडी दिसणारी जागा पावसाळ्यानंतर बाभळीनं आणि कडुनिंबानं झाकून जाते. त्यावर झाड तोडणं हा उपाय नव्हे. जागा बदलावी.

कोणत्या महिन्यात काय

चांगला फलक चुकीच्या महिन्यात लागला तर वाया जातो. वर्ध्याचं वर्ष शेतीच्या चाकावर फिरतं. मृग लागायच्या आधी, मे महिन्यात, बियाणं आणि खताचा विचार सुरू होतो. जूनमध्ये शाळा-कॉलेजचे प्रवेश आणि वह्या-पुस्तकं. पोळ्याला आणि दुसऱ्या दिवशीच्या तान्ह्या पोळ्याला घरोघरी मुलांसाठी खरेदी होते. सिंदी रेल्वेचा तान्हा पोळा तर पंचक्रोशीतली गर्दी ओढतो. दसऱ्या-दिवाळीच्या सुमारास कापसाची वेचणी सुरू होते आणि सोयाबीन बाजारात येतं. हातात पैसा खेळायला लागतो तो तेव्हापासून. सोनं, कापड, दुचाकी, घराचं काम यांचे फलक त्याच सुमाराला लागले पाहिजेत. मग लग्नसराई.

वेळेचं महत्त्व अमूलइतकं कुणी ओळखलं नाही. १९६६ मध्ये सिल्वेस्टर डाकुन्हा यांनी ठिपक्यांच्या फ्रॉकमधली मुलगी मुंबईच्या होर्डिंगवर आणली. तिचं चित्र युस्टेस फर्नांडिस यांनी काढलं. मुलगी तीच, लोण्याची चव तीच, पण विषय त्या त्या आठवड्यातल्या घडामोडीचा. इतकी वर्षं लोक त्या फलकाची वाट पाहतात. लहान व्यावसायिकानं त्यातून दोन गोष्टी घ्याव्यात. आपली ओळख वर्षानुवर्षं बदलायची नाही आणि तिच्यासोबतचं वाक्य मात्र हंगामाप्रमाणे बदलत राहायचं. कृषी केंद्राच्या एकाच पिवळ्या फलकावर मे महिन्यात ‘बियाणं आलं’, ऑगस्टमध्ये ‘बोंडअळीवर सल्ला मोफत’ आणि ऑक्टोबरमध्ये ‘वेचणीच्या पिशव्या’ असं दिसलं, तर गावाला तो फलक पाहायची सवय लागते.

वारा आणि कायदा

१३ मे २०२४ रोजी मुंबईत घाटकोपरला पेट्रोल पंपावर १२० बाय १२० फुटांचा फलक वादळी वाऱ्यात कोसळला आणि १७ माणसं गेली. त्याच्या आदल्या वर्षी, एप्रिल २०२३ मध्ये, पिंपरी-चिंचवडच्या किवळ्यात पावसापासून आडोसा म्हणून लोक एका होर्डिंगखाली उभे राहिले आणि तेच अंगावर पडून पाच जण मरण पावले. फलक लावणाऱ्यानं मॅटरच्या आधी सांगाड्याचा विचार करायला हवा तो यासाठी.

गणित असं आहे. इमारतींवरच्या वाऱ्याच्या भारासाठी भारतीय मानक ८७५ आहे. त्यात नागपूरसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर धरला आहे. तो वारा समोरून आला तर दर चौरस मीटरला सुमारे ११६० न्यूटन दाब पडतो. २० बाय १० फुटांचा फलक म्हणजे साडेअठरा चौरस मीटर. त्यावरचा जोर सव्वादोन टनांच्या आसपास जातो. ४० बाय २० चा फलक असेल तर जवळपास नऊ टन. आणि हा हिशोब साधा झाला, सपाट फलकावर प्रत्यक्ष भार याहूनही जास्त धरावा लागतो. गच्चीच्या कठड्याला चार अँगल ठोकून हा भार पेलत नाही. पाया, खांब आणि जोड यांचा आराखडा स्ट्रक्चरल इंजिनिअरकडूनच घ्यावा आणि दरवर्षी मे महिन्याच्या आधी गंज आणि बोल्ट तपासून घ्यावेत.

परवानगीचं म्हणाल तर शहरात नगरपरिषदेकडे अर्ज करावा लागतो, महामार्गाच्या हद्दीत त्या रस्त्याच्या यंत्रणेकडे. मालमत्तेचं विद्रूपीकरण रोखणारा १९९५ चा कायदा महाराष्ट्रात आहे. साताऱ्याच्या सुस्वराज्य फाउंडेशनच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयानं २०१७ साली बेकायदा फलकांविरुद्ध कडक आदेश दिले आहेत. दुकानावरच्या नामफलकाचा नियम वेगळा आहे. २०२२ च्या दुरुस्तीनं राज्यातल्या सगळ्या दुकानांना मराठी देवनागरी पाटी बंधनकारक झाली आणि तिचं अक्षर इतर लिपीपेक्षा लहान नसावं असं ठरलं. वर्ध्याच्या दुकानदाराला हा नियम ओझं वाटायचं कारण नाही. त्याचं गिऱ्हाईक मराठीच वाचतं.

रस्ता सगळ्यांचा आहे

या जिल्ह्यात राहिलेल्या दोन माणसांनी जाहिरातीबद्दल मुळातून विचार केला होता. गांधीजींनी ‘यंग इंडिया’ आणि ‘नवजीवन’ ही पत्रं जाहिरातींशिवाय चालवली. पवनारच्या विनोबांनी १९६० साली इंदूरमध्ये रस्त्यांवरच्या अशोभनीय सिनेमा पोस्टरांविरुद्ध मोहीम उभी केली. त्यांचं म्हणणं असं होतं की पुस्तक किंवा सिनेमा माणूस स्वतः निवडतो, पण रस्त्यावरचं पोस्टर लहान मुलापासून म्हाताऱ्यापर्यंत सगळ्यांच्या डोळ्यांवर लादलं जातं. ती त्यांना सक्तीची शिकवण वाटे.

विनोबांचा मुद्दा व्यापाऱ्यानं विरोध म्हणून नव्हे, कसोटी म्हणून घ्यावा. आपला फलक न मागता लोकांसमोर येतो, म्हणून त्यावर खोटा दावा नको, घाबरवणं नको, रस्त्याच्या खुणा झाकणं नको आणि डोळे दिपवणारा लखलखाट नको. ‘नंबर वन’, ‘१०० टक्के हमी’, ‘कायमचा इलाज’ असली वाक्यं लोक आता वाचतही नाहीत. फसव्या जाहिरातीबद्दल ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली पहिल्याच वेळी दहा लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, हेही लक्षात ठेवावं. ज्या फलकानं वाट दाखवली, वेळेवर आठवण दिली किंवा सोय सांगितली, त्याच्या मालकाबद्दल मात्र लोकांचं मत चांगलं होतं. गोरसपाक या बिस्किटाला वर्ध्यात जाहिरातीची फार गरज पडत नाही, कारण माल आणि नाव यांचा मेळ पिढ्यान्‌पिढ्या टिकला आहे. फलकानं फार तर अशा नावाची आठवण करून द्यावी. नाव कमवायचं काम दुकानालाच करावं लागतं.

उपयोग झाला का?

फलक लावल्यावर त्याचा हिशोब ठेवावा. येणाऱ्या प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला ‘आमच्याबद्दल कुठे कळलं?’ हे विचारून वहीत नोंद करावी. फलकावर नंबर द्यायचाच असेल तर तो इतर कुठेच न दिलेला वेगळा नंबर द्यावा, म्हणजे फोन कुठून येतात ते कळतं. तीन महिन्यांची विक्री गेल्या वर्षीच्या त्याच तीन महिन्यांशी ताडून पाहावी. आधीच्या महिन्यांशी तुलना केली तर हंगामाचा फरक फलकाच्या खात्यावर पडतो. फलकाच्या परिसरातल्या ऑटोवाल्याला आणि पानठेलेवाल्याला महिनाभरानं विचारावं की त्या फलकावर काय लिहिलंय. रोज समोर असून त्यांनाही सांगता आलं नाही, तर चूक त्यांची नाही.

अशी नोंद ठेवली की पुढच्या फलकाचं मॅटर आपोआप कमी होत जातं. लोकांना कोणता शब्द आठवतो आणि कोणता नाही, हे मालकाला स्वतःच्या वहीत दिसतं. मग फ्लेक्सच्या दुकानातल्या ऑपरेटरसमोर बसून ‘इथे अजून थोडी जागा आहे, काहीतरी टाका’ असं सांगायची इच्छा राहत नाही. ती मोकळी जागाच अक्षर वाचायला मदत करते आणि तिचे पैसे देताना हात आखडू नये.